आरशांचा एल

माझ्याकडे येणारा पक्षकार पहिल्या भेटीत खोटं बोलतो, याची मला आता सवय झाली आहे. त्याला वाटतं, कोर्टात जे बोलायचं ते आधी वकिलापुढं बोलून बघावं, जमतंय का. औंढ्याच्या कोर्टात बारा वर्षं काढल्यावर माणूस खुर्चीवर नीट टेकायच्या आत तो कुठं घसरणार हे मला कळतं. पण धर्मसिंग राठोडांसारखं खोटं मी कधी ऐकलं नव्हतं. बाकीचे स्वतःला सोडवायला खोटं बोलतात. हे स्वतःला अडकवायला बोलत होते, आणि तेही फार वाईट.

नवरा-बायको दोघं दुपारी आले. माझं ऑफिस म्हणजे प्रमोदच्या झेरॉक्सच्या दुकानामागची खोली. मध्ये प्लायवूडची भिंत आहे, तिचा उपयोग फक्त कॅलेंडर लावायला होतो. धर्मसिंग साठीचे, धोतर, लाल फेटा, कडक इस्त्रीचा सदरा. रूपाबाईंनी साधी साडी नेसलेली, पण पदराच्या काठाला लाल दोऱ्याचं भरतकाम आणि त्यात टिकलीएवढे आरसे. त्या बसल्या आणि माझ्या छतावर उजेडाचे ठिपके नाचायला लागले.

धर्मसिंगांनी घडी घातलेलं समन्स टेबलावर ठेवलं. धोकादायक पद्धतीनं वाहन चालवण्याचा आरोप होता.

"गाडी मीच चालवून राहिलो होतो," ते म्हणाले. मी अजून काही विचारलंच नव्हतं.

"काका, पहिल्यापासून सांगा."

"जवळा बाजारला कोथिंबीर उतरवली. व्हॅन माघारी घेऊन राहिलो होतो. मागं वाहतूक जमादाराची मोटरसायकल उभी होती, ती पडली. तिचा आरसा फुटला. जमादार चहा टाकून आला. म्हणला, कोण चालवत होतं? मी म्हणलो, मी. त्यानं माझं लायसन बघितलं, लिहून घेतलं. बस."

"गाडी मागं कशी घेतली?"

"मागं बघून."

"तसं नाही. गिअर कसा टाकला? हात करून दाखवा."

धर्मसिंगांनी जरा विचार केला. मग दोन्ही मुठी आवळल्या आणि छातीशी ओढल्या. बैलांचा कासरा खेचतात तसा. त्याच वेळी शेजारी रूपाबाईंचा डावा पाय फरशीवर दाबला गेला, आणि मांडीवरचा डावा हात नकळत बाजूला सरकून खाली आला.

मी पेन खाली ठेवलं. "मावशी, गाडी तुम्ही चालवत होता."

रूपाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं छताकडं. पुढच्या दुकानातली झेरॉक्सची मशीन बंद पडली. प्रमोदला एखादी भानगड नीट ऐकायची असली की त्याची मशीन बंद पडते.

"व्हय," रूपाबाई म्हणाल्या. "त्यांला चालवता येत न्हाई."

"निताचे माय," धर्मसिंग दुखावल्यासारखे म्हणाले. निता म्हणजे त्यांची मुलगी. तिच्या नावानंच दोघं एकमेकांना हाक मारत.

"मग लायसन कुठून आलं?" मी विचारलं.

"ब्यांकेत खातं उघडायला पुरावा पायजे होता," ते म्हणाले. "बावीस वर्षं झाली. एजंट म्हणला, लायसन काढा, सगळीकडं चालतं. फोटो काढला. फोटो पास झाला."

मुदत संपली की ते मात्र न चुकता नवं करून घेत. धर्मसिंगांचा कागदांवर मोठा विश्वास होता.

मग रूपाबाई बोलायला लागल्या, आणि गोष्ट सुतासारखी सरळ झाली. त्यांचे दीर प्रेमदास चार वर्षं व्हॅन चालवायचे. बाजार भरायचा सकाळी, आणि प्रेमदास दात घासायचे बाजार भरल्यावर. कोथिंबीर तांड्यावरच मान टाकायची. रूपाबाई चार वर्षं शेजारच्या सीटवर बसून दिराचे पाय बघत राहिल्या. कधी कुठला पाय दाबतो, कधी सोडतो. सोयाबीन निघाल्यावर रान मोकळं झालं तेव्हा एका सकाळी त्यांनी किल्ली घेतली आणि व्हॅन शेतात फिरवली. दिरानं त्या दिवसापासून बोलणं टाकलं. बाई चौथी शिकलेल्या. निता रोज संध्याकाळी फोनवरून रस्त्याच्या खुणा समजावून सांगायची. हिंगोलीला जाऊन कॉम्प्युटरवरची परीक्षा त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या. शिकाऊ लायसन मिळालं.

"सोमवारी पक्क्याची परीक्षा हाय," त्या म्हणाल्या. "आन् शिकाऊची मुदत त्याच हप्त्यात सरती. जमादारानं माझा कागद फाडला असता तर सगळं मुसळ केरात. म्हणून हे मधी पडले."

"आमच्या तांड्यात बैठक बसली की नायक विचारतो, कुणी केलं," धर्मसिंग म्हणाले. "घरातला एक जण उठतो, म्हणतो मी केलं. मग त्याच्यावर आलं. दुसऱ्याला कुणी विचारत न्हाई. बापानं लेकीचं घेतलं, भावानं भावाचं घेतलं. तसं मी घेतलं."

मी त्यांना समजावलं की सातबाऱ्यावर नाव लावावं तसा गुन्हा आपल्या नावावर करून घेता येत नाही. तांड्यात सगळ्यांना खरं काय ते माहीत असतं, म्हणून तिथं ते शोभतं. कोर्टाला काहीच माहीत नसतं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही हे दिसत होतं.

"बरं, शिकाऊ माणसानं गाडीला एल लावावा लागतो. तो लावला होता?"

"व्हय तर." रूपाबाईंनी पिशवीतून एक कापड काढलं आणि टेबलावर पसरलं.

मी बारा वर्षांत बरेच पुरावे हाताळले आहेत, पण इतका देखणा एकही नाही. पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्यानं भरलेला वीतभर एल. त्याच्या चारी बाजूंनी आरसे, खाली कवड्या, दोन कोपऱ्यांना गोंडे. असाच एक पुढं, असाच एक मागं. जमादाराला ते गाडीचं तोरण वाटलं असणार, त्यात त्याची काही चूक नाही.

मी हसले, आणि हसता हसता थांबले. शिकाऊ लायसन आहे. मागं-पुढं एल आहे. शेजारी पक्कं लायसनवाला माणूस बसलेला आहे.

"काका, शेजारी बसलेल्याला वेळ आली तर गाडी थांबवता यायला पाहिजे, असा नियम आहे. तुम्हाला काय येतं?"

"हँडब्रेक," ते जरा ताठ होत म्हणाले. "ही 'धरा' म्हणली की मी ओढतो. त्या दिशी बी ओढला. म्हणून नुसता आरशावर निभावलं."

"आणि जमादाराची मोटरसायकल कुठं होती?"

"नो पार्किंगच्या पाटीखाली," रूपाबाई म्हणाल्या. खुणा त्यांना पाठ होत्या.

त्या क्षणी मला हे जोडपं फार आवडलं, आणि धर्मसिंगांचा तितकाच राग आला. खरं सांगितलं असतं तर बाईंच्या लायसनला धक्का नव्हता. हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं. गुरुवारी कोर्टात गुन्हा कबूल केलात तर तुमचं लायसन तीन महिने जाऊ शकतं. मग सोमवारी हिंगोलीला जाताना मावशींच्या शेजारी कोण बसेल? प्रेमदास?

प्रेमदास येणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

"तर कोर्टात खरं सांगायचं. हा माझा सल्ला."

धर्मसिंगांनी समन्सची घडी पुन्हा घातली. मग म्हणाले, "जमादारापुढं शब्द दिला मी."

"शब्दाचं न्हाई काही," रूपाबाई म्हणाल्या. "व्याह्याचं हाय."

कुरुंद्याजवळच्या तांड्यावर निताचं सासर. व्याही वसराम. धर्मसिंगांनी व्याह्याला सांगून ठेवलं होतं की गाडी आपणच चालवतो. त्या तांड्याआधी एक उतार आहे. उताराच्या तोंडाशी रूपाबाई गाडी उभी करायच्या, इंजिन बंद करायच्या आणि शेजारच्या सीटवर सरकायच्या. धर्मसिंग वळसा घालून स्टिअरिंगला बसायचे, हँडब्रेक सोडायचे, आणि व्हॅन आपोआप घरंगळत वसरामच्या अंगणात यायची. तिथं पुन्हा हँडब्रेक.

"आणि परत जाताना?" मी विचारलं. "चढ लागत असेल."

"परत जाताना मी म्हणते, यांला जेवण झालं की झोप येती. आज मी घेऊन बघते."

प्लायवूडपलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. धर्मसिंग मात्र हसले नाहीत. खाली मान घालून ते सदऱ्याची बाही सारखी करत राहिले. लेकीच्या सासरी आपलं हसं होईल, ही भीती त्यांना कुठल्याही न्यायाधीशापेक्षा मोठी होती. मला ती समजत होती. माझे वडील कोंडीबा खिल्लारे माझ्या सासरी आले की अजून चष्मा लावून पेपर उलगडून बसतात, आणि त्यांना चष्म्यानंही दिसत नाही.

तरी मी म्हणाले, "काका, माझ्या तोंडानं मी खोटं बोलणार नाही. तुम्हाला तसंच पाहिजे असेल तर दुसरा वकील बघा."

"वकील तुमीच पायजे," ते म्हणाले. "तुमचं आयकणार मात्र न्हाई."

अशा पक्षकाराला काय म्हणायचं हे कायद्याच्या कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मी वकीलपत्रावर सह्या घेतल्या.

गुरुवारी मी कोर्टात पोचले तर मागच्या बाकावर गुलाबी फेट्याचा एक धिप्पाड माणूस बसलेला. व्याही वसराम. बातमी कुरुंद्यापर्यंत कशी गेली याचा शोध घ्यायची मला गरज नव्हती, प्रमोदची सासुरवाडी कुरुंद्याची आहे. "व्याही अडकले म्हणल्यावर यावं लागतं," तो मला म्हणाला. "पण म्याडम, हा माणूस गाडी कुणावर घालणारा न्हाई. आमच्या अंगणात येतो तर इंजिनाचा आवाज बी येत न्हाई. असा हात हाय."

धर्मसिंगांचा चेहरा फेट्याइतका लाल झाला. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही.

नाव पुकारलं गेलं. न्यायाधीश साहेब नवे, तरुण, उकाड्यानं कावलेले. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

मी उभी राहिले. "साहेब, माझ्या पक्षकारानं आधी—"

"कबूल हाय," धर्मसिंग म्हणाले.

रूपाबाईंनी डोळे मिटले. सोमवार गेला, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलं होतं. साहेबांनी पेन उचललं, आणि तेवढ्यात पट्टेवाला लखमा आत आला.

"साहेब, पाण्याचा टँकर आत येईना. गेटात एक पांढरी व्हॅन आडवी हाय. तोरणाची."

कोर्टात दोन दिवस पाणी नव्हतं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कुणाची आहे ती?"

"आमची," धर्मसिंग म्हणाले.

"आधी ती काढा. मग बघू."

रूपाबाई चटकन उठल्या. धर्मसिंगांनी हातानं त्यांना खाली बसवलं. बाकावर वसराम बसला होता, आणि तो मोठ्या कौतुकानं बघत होता. धर्मसिंगांनी बायकोच्या हातातून किल्ली घेतली आणि फाशीला निघावं तसे बाहेर गेले.

कोर्टाच्या खिडकीतून गेट दिसतं. खिडकीपाशी आधी लखमा गेला, मग वसराम, मग सरकारी वकील आणि साक्षीला आलेला जमादार. मी गेले. साहेब खुर्चीवरून उठले नाहीत, पण त्यांनी खुर्ची वळवली.

धर्मसिंग स्टिअरिंगला बसले. दोन्ही हात चाकावर ठेवले. समोर टँकरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. धर्मसिंगांनी किल्लीला हात लावला नाही. त्यांना जी एक गोष्ट येत होती ती त्यांनी केली. हँडब्रेक सोडला.

आमच्या गेटापाशी जमीन आतल्या बाजूला उतरती आहे. व्हॅन हलली, आणि सावकाश, अगदी बिनआवाजात, मागं यायला लागली. मागं लिंबाच्या झाडाखाली एक मोटरसायकल उभी होती. नवा आरसा बसवलेली.

"अरे, माझी गाडी," खिडकीतून जमादार म्हणाला.

रूपाबाई कधी बाहेर पळाल्या ते कुणी बघितलं नाही. आम्हाला ऐकू आला तो त्यांचा आवाज, "धरा." व्हॅन गचका खाऊन थांबली. मोटरसायकल आणि व्हॅन यांच्यात जेमतेम वीतभर अंतर उरलं.

रूपाबाई ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. धर्मसिंगांनी एकदा कोर्टाच्या खिडकीकडं बघितलं. तिथं आम्ही सगळे होतो, आणि सगळ्यांच्या मध्ये गुलाबी फेटा होता. मग ते सरकून शेजारच्या सीटवर गेले.

रूपाबाई बसल्या. इंजिन सुरू झालं, व्हॅन पुढं आली, वळली, लिंबाला वळसा घालून भिंतीशी नीट सरळ उभी राहिली. टँकर आत आला. लखमानं टाळ्या वाजवल्या आणि साहेबांकडं बघून थांबवल्या.

दोघं पुन्हा आत आले. साहेबांनी विचारलं, "त्या दिवशी बाजारात गाडी कोण चालवत होतं?"

आता उत्तर एकच होतं, पण ते वसरामसमोर द्यायचं होतं.

"साहेब, मला गाडी चालवता येत न्हाई," धर्मसिंग म्हणाले. "बावीस वर्षं झाली लायसन हाय, पण येत न्हाई. ही चालवती. मी शेजारी बसतो."

"मग कबूल काय म्हणत होता?"

"तिचा कागद जाईल म्हणून. चौथी शिकलेली बाई, ह्या वयात परीक्षा देऊन पास झाली. मला खुणा बी वळखू येत न्हाईत. माझा कागद गेला तर काय जातंय? मला वाटलं, हिचा राहू द्यावा." ते थांबले. "आन् खरं म्हणजे लाज वाटत होती. मघाशी बी त्याच्यापायीच निघालो चालवायला. मोटरसायकल गेली असती, मागं माणूस असता तर तो बी गेला असता. आता न्हाई लाजायचं."

रूपाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मग मी शिकाऊ लायसन पुढं केलं, हँडब्रेकचं सांगितलं, आणि तो एल साहेबांच्या टेबलावर पसरला. खिडकीतून ऊन येत होतं. सगळ्या छतभर ठिपके पसरले. साहेबांनी कवड्यांना बोट लावून पाहिलं.

"नियमात पांढऱ्यावर लाल एल म्हटलंय," ते म्हणाले. "आरसे नकोत असं काही म्हटलेलं नाही."

मग त्यांनी जमादाराला विचारलं की तुमची मोटरसायकल बाजारात कुठं उभी होती. जमादार म्हणाला, पाटीजवळ. कुठल्या पाटीजवळ, साहेबांनी विचारलं. जमादारानं ते फार हळू आवाजात सांगितलं. नव्यानं तक्रार करायची आहे का या प्रश्नाला त्यानं त्याहून हळू आवाजात नाही म्हटलं.

जो चालवतच नव्हता त्याला चालवल्याची शिक्षा देता येत नाही, म्हणून धर्मसिंग सुटले. त्याआधी जमादाराला आणि कोर्टाला खोटं सांगितल्याबद्दल साहेबांनी त्यांना असं झापलं की फेटा सुद्धा खाली बसला. पुन्हा एकट्यानं हँडब्रेकला हात लावलात तर मी स्वतः लायसन काढून घेईन, असंही सांगितलं.

बाहेर वसराम लिंबाखाली उभा होता. धर्मसिंग त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, वर न बघता. वसराम बराच वेळ व्हॅनकडं बघत राहिला.

"म्हणूनच आवाज येत नव्हता," तो म्हणाला.

मग तो मागचं दार उघडून व्हॅनमध्ये बसला आणि रूपाबाईंना म्हणाला, "चला विहिणबाई, मला कुरुंद्यापर्यंत सोडा. या बारीला इंजिन चालू ठेवून."

सोमवारी रूपाबाई पास झाल्या. मंगळवारी धर्मसिंग माझ्याकडं मेथीच्या चार जुड्या घेऊन आले. मला वाटलं आभार मानायला आले, पण ते खुर्ची ओढून नीट बसले. पुढची मशीन लगेच बंद पडली.

"एक सल्ला पायजे होता वकीलबाई. माझं लायसन पक्कं हाय. पण शिकायला तर आता सुरवात करून राहिलो. तर एल लावायचा का न्हाई?"

मी म्हणाले, कायद्यानं तुम्हाला गरज नाही, पण रिकाम्या शेतात शिका. रस्त्यावर यायची घाई करू नका.

"निताची माय बी तेच म्हणती," ते म्हणाले. "पर ती म्हणती एल लावायचाच."

"मग लावा. तिचा सल्ला माझ्यापेक्षा बरा आहे."

चार महिन्यांनी बाजाराच्या दिवशी मी जवळ्याला भाजी घेत होते. समोरून व्हॅन आली, बैलगाडीच्या वेगानं, पुढं आरसे चमकत. स्टिअरिंगला धर्मसिंग, पाठ ताठ, डोळे समोर. शेजारी रूपाबाई, हात हँडब्रेकवर. पाटीखाली उभ्या असलेल्या जमादारानं ते लखलखतं तोरण बघितलं, चहाचा कप खाली ठेवला आणि आधी आपली मोटरसायकल आत घेतली. धर्मसिंगांनी पहिला गिअर काही सोडला नव्हता, त्यामुळं इंजिनाचा आवाज सगळ्या बाजाराला ऐकू येत होता.